देवमासा दिसला का हो?

नागपूरच्या मुलांना वाघाचं फारसं अप्रूप नाही. पेंच जवळ, ताडोबाही काही लांब नाही. पण समुद्र? प्रताप नगरहून कुठल्याही दिशेला निघा, तो शेकडो मैल दूरच! म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची मंडळी मालवणला निघालो, तेव्हा आमच्या धाकटीने अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं, ‘‘मी देवमासा पाहून येणार.’’

तारकर्लीहून सकाळीच होडी निघाली. बराच वेळ नुसतं पाणी. मग एकदम दोन करड्या पाठी वर आल्या. ‘‘अरे बाप्पा!’’ धाकटी किंचाळली. तांडेलाने झटकन इंजिन बंद केलं. ‘‘गप ऱ्हव गो बाय, तेंका आवाज नको आसता.’’ ते होते डॉल्फिन. बरं का दोस्तांनो, डॉल्फिन स्वतः आवाज काढतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधतो. इंजिनाच्या धडधडाटात त्याला ऐकू काय येणार? शेजारची एक होडी मात्र त्यांच्या मागेच लागली. डॉल्फिन बुडाले, ते पुन्हा दिसलेच नाहीत. राग आला अगदी.

आणि देवमासा? ‘‘तो भायर, खोल पाण्यात,’’ तांडेल हसला. थाप नव्हती ती. २०१५ साली याच जिल्ह्यात, कुणकेश्वरजवळच्या समुद्रात संशोधकांना निळा देवमासा दिसला होता, तोही पिल्लासकट!

दुपारी सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर तो बांधायला घेतला. चहूकडे खारं पाणी, अन् आतल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी गोड्या पाण्याच्या!

परतताना गणपतीपुळ्याला थांबलो. नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्या वाळूत देवमाशाचं एक पिल्लू अडकलं होतं. देवमासा म्हणजे मासा नव्हे. तो आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेतो. मग वाळूवर का मरतो? पाणी त्याचं वजन तोलून धरतं. जमिनीवर तेच वजन त्याच्या फुप्फुसांवर पडतं. गावकरी, पोलीस, वनखातं, सगळे दिवसरात्र झटले. पिल्लाला खोल समुद्रात ओढून नेलंही, पण ते वाचलं नाही. ‘‘त्याची आई कुठे होती?’’ धाकटीने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

मग तिला दुसरी गोष्ट सांगितली. देवमासा, डॉल्फिन, समुद्री कासव असा संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला, तर त्याला सोडवण्यासाठी कोळी स्वतःचं जाळं कापतात. जाळं म्हणजे त्यांची रोजीरोटी! म्हणून डिसेंबर २०१८ पासून राज्य सरकारने अशा कोळ्यांना २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली.

घरी आल्यावर धाकटीने सुतळी घेतली. पूर्ण वाढलेला निळा देवमासा ८० फुटांहूनही लांब असतो. आमच्या फाटकापासून मोजायला लागली, ती शेजाऱ्यांची स्कूटर ओलांडून थेट कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोचली. दुकानदारकाका बाहेर आले. ‘‘काय मोजून राहिली गं?’’

‘‘देवमासा, काका. जरा सरका नं, शेपूट यायचंय अजून.’’