अभिजात मराठीचा पत्ता : मुक्काम पोस्ट साखरखेर्डा

३ ऑक्टोबर २०२४ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात दर्जा जाहीर केला. पेढे वाटून झाले, अभिनंदनाचे फलक लागले. आता समित्या बसतील आणि कुठं अध्यासन, कुठं स्मारक यावर रकानेच्या रकाने भरतील. या धामधुमीत एक तिथी मात्र मागं पडली : त्याच महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या लढाईला तीनशे वर्षं झाली.

दिल्लीची वजिरी सोडून दक्षिणेत परतलेला निजाम-उल-मुल्क आणि बादशहाची आतून फूस असलेला हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान १७२४च्या ऑक्टोबरात इथं भिडले. मुबारिजखान पडला. थोरला बाजीराव त्या वेळी निजामाच्या बाजूनं होता, हे शाळेतल्या इतिहासाला जरा अडचणीचंच. विजयाच्या भरात निजामानं गावाचं नाव फतेहखेर्डा केलं. या लढाईनं पाया घातलेलं आसफजाही राज्य १९४८ पर्यंत चाललं. फतेहखेर्डा मात्र कागदावरच राहिलं, लोकांनी आपली साखर सोडली नाही.

पण मला हे गाव खुणावतं ते कवितेमुळे. अजीम नवाज राही इथले. ‘व्यवहाराचा काळा घोडा’, ‘कल्लोळातला एकांत’, ‘वर्तमानाचा वतनदार’ हे त्यांचे संग्रह. मराठी समीक्षेनं त्यांना ‘मुस्लिम मराठी कवी’ असा एक कप्पा देऊन टाकला आणि हात झटकले. मला तो कप्पा पटत नाही. राही मला बाजारगावाचे कवी वाटतात. सिंदखेडराजा तालुक्यातल्या या गावात एका अंगाला पलसिद्धांचा वीरशैव मठ, दुसऱ्या अंगाला गोंदवलेकर महाराजांच्या परंपरेतल्या प्रल्हाद महाराजांचं स्थान, आणि मधे दुकानं, उधारीच्या वह्या, वऱ्हाडी मराठी आणि उर्दू एकाच दमात बोलणारी माणसं. कवीला आणखी काय लागतं? एकांत इथं कल्लोळातूनच काढावा लागतो. ज्यांना तो डोंगरावरच्या विश्रामगृहात सापडतो, त्यांच्या कविता आपण दिवाळी अंकांत दरवर्षी वाचतोच.

हा सगळा पट्टाच भाषेच्या दृष्टीनं मुरलेला आहे. लोणार आणि मेहकर ही गावं चक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणाऱ्या लीळाचरित्रात येतात. मराठी गद्याची सुरुवात शोधत गेलं तर चक्रधरांच्या पाठोपाठ या मुलखातून चालावं लागतं. लोणार आता विवरासाठी ओळखलं जातं, आणि विवर बघून परतणाऱ्या गाड्यांत या तेराव्या शतकातल्या गद्याची याद कुणाला नसते. संत चोखामेळ्यांचं जन्मस्थान म्हणून मानलं जाणारं मेहुणाराजा याच जिल्ह्यात, देऊळगावराजा तालुक्यात. ‘बारोमास’साठी साहित्य अकादमी मिळवणारे सदानंद देशमुख चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे.

आणि मेहकरला ना. घ. देशपांडे. सिंदखेडराजात १९०९ साली जन्मलेला हा माणूस मेहकरला वकिली करत राहिला. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गायली, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची तबकडी निघाली आणि महाराष्ट्रभर वाजली. मराठी भावगीत इथून सुरू झालं असं अनेक जाणकार मानतात. गंमत अशी, की ‘शीळ’ हा संग्रह आला १९५४ मध्ये. दोन दशकं लोक गाणं गुणगुणत होते आणि कवीचं पुस्तकच नव्हतं. पुण्यात असते तर चारदोन प्रस्तावनांसह केव्हाच निघालं असतं. ना. घ. हलले नाहीत. अकादमीचा पुरस्कार ‘खूणगाठी’ला १९८६ मध्ये मिळाला, तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडलेले होते.

अशा गावांचं काय करता येतं, हे आयर्लंडमधल्या लिस्टोवेलनं दाखवलं. केरी परगण्यातली जेमतेम चार-पाच हजारांची ही बाजारपेठ. तिथला जॉन बी. कीन पब चालवायचा आणि नाटकं लिहायचा. ‘साइव्ह’ हे त्याचं नाटक डब्लिनच्या प्रतिष्ठित ॲबी थिएटरनं परत पाठवलं. १९५९ मध्ये गावच्या हौशी मंडळींनी ते उभं केलं आणि देशभर गाजवलं. ‘द फील्ड’ हे जमिनीच्या हव्यासावरचं त्याचं नाटक विदर्भातल्या कुठल्याही शेतकऱ्याला पहिल्याच प्रवेशात कळेल. तिथला दुसरा मोठा लेखक ब्रायन मॅकमहन, शाळामास्तर, जन्म १९०९, म्हणजे ना. घं.च्याच वयाचा. गेली पन्नासहून अधिक वर्षं तिथं लेखकांचा सप्ताह भरतो. तो गावानं सुरू केला. पाहुणे जिथं लेखकानं पेले भरले त्याच पबमध्ये बसतात.

आपल्याकडे पहिला विचार पुतळ्याचा. दुसरा सभागृहाचा. भिलारचं पुस्तकांचं गाव २०१७ मध्ये झालं तेव्हा मलाही बरं वाटलं होतं, पण पुस्तकं बाहेरून आणून घरोघर मांडणं वेगळं आणि ज्या गावातून पुस्तकं निघाली तिथं जाणं वेगळं. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आलं, हे उत्तमच. त्याच्या विद्यार्थ्यांना या पट्ट्यातल्या बाजारांत महिनाभर पाठवा, मापारी आणि अडत्याची बोली टिपून घ्यायला सांगा. अभिजात दर्जाचा निधी यावर खर्च झाला तर निदान काही कानावर पडेल. कोनशिलेतून पडत नाही.

साखरखेर्ड्याला जायचंच असेल तर ऑक्टोबर टाळू नका. सोयाबीनची सोंगणी चालू असते, २०२४ मध्ये हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली बोली, तेव्हा गप्पांचा विषय कवितेकडे वळवायला थोडा वेळ लागेल. वळवू नका, तेच ऐका. समृद्धी महामार्गानं मेहकर किंवा सिंदखेडराजाला उतरता येतं. पण चिखली-मेहकर रस्त्यानं एसटीनं येऊन लव्हाळ्याहून आत वळलात, तर प्रवासातच अर्धी भाषा कानावर येते. मुक्काम मेहकरला करा. आणि राहींचा एखादा संग्रह, ‘शीळ’, ‘बारोमास’ हे घरूनच घेऊन निघा. वाटेतल्या बसस्थानकांवर तुम्हाला स्पर्धा परीक्षांची गाइडं मिळतील.