माळव्यातील तंबुऱ्याच्या रात्री

देवास जिल्ह्याचा वरचा भाग माळव्याच्या पठारावर आणि खालचा नर्मदेच्या खोऱ्यात, अशी त्याची निसर्गतःच दोन अंगे आहेत. विंध्याचा उतार उतरल्यावर लागणारी कन्नोड, खातेगाव, सतवास ही बाजाराची गावे या खालच्या अंगात मोडतात. सतवासच्या दक्षिणेस, नर्मदेपलीकडे, निमाड लागतो. तेथील सोळाव्या शतकातील संत सिंगाजींची समाधी इंदिरासागर धरणाच्या पाण्याने वेढली गेल्यावर उंच बांधकाम करून जतन केलेली आहे आणि शरद पौर्णिमेला तेथे यात्रा भरते. उत्तरेस घाट चढून गेले की कबीराची पदे माळवी बोलीत गाणाऱ्या मंडळ्यांचा मुलूख येतो. निर्गुण भक्तीच्या या दोन प्रवाहांच्या मधोमध असलेल्या या टापूवर मराठी सत्तांचा अंमल दीर्घकाळ होता: कन्नोड-नेमावरकडे होळकरांचा, देवासला पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीचा. त्या संस्थानांच्या दफ्तरांत दरबारी गवयांच्या नेमणुका व बिदाग्या नोंदल्या गेल्या आणि देवासचे रजब अली खाँ यांच्यासारख्या थोर गायकाचे नाव त्यामुळे सर्वतोमुखी झाले. परंतु त्याच मुलखात, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून, दिवसभर शेतात राबून आलेली माणसे रात्री तंबुरा घेऊन बसत, त्यांच्या नावे कोणतीही सनद नव्हती, इनाम नव्हते, की दप्तरी दाखला नव्हता. या लेखाचा विषय ती माणसे आणि त्यांच्या हातातले ते वाद्य हा आहे.

आपल्या मराठी वाचकाला तंबोरा म्हटले की मिरजेचा तंबोरा आठवतो, आणि ते साहजिकच आहे. पंढरपूरकडच्या भोपळ्यांपासून घडवलेल्या, 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या वाद्याच्या चार तारा एकामागून एक, सावकाश, बोटाच्या स्पर्शाने जाग्या केल्या जातात आणि घोडीवरच्या जवारीत सरकवलेला सुताचा धागा त्यांचा नाद पसरवीत नेतो. माळव्याच्या मंडळीतला तंबुरा याच कुळातला असला तरी त्याचा संसार निराळा आहे. त्याला भोपळा नसून लाकडी अंग असते, तारा पाच असतात, आणि मुख्य म्हणजे त्या सावकाश छेडल्या न जाता पदाच्या लयीवर झंकारल्या जातात, त्यामुळे हे वाद्य एकाच वेळी स्वराचा आधारही देते आणि ठेकाही धरते. गाणारा तंबुरा उभा धरून खांद्याशी टेकवतो. एका हाताची बोटे तारांवर फिरत असतात, त्याच वेळी दुसऱ्या हातात करताल वाजत असते, आणि हे दोन्ही व्यापार चालू असता तोंडाने पद चालू असते. शास्त्रीय मैफलीत गायक, तंबोऱ्यावर बसलेला शिष्य आणि तबलजी असे तीन स्वतंत्र अधिकार असतात. येथे ते एकाच देहात एकवटतात, आणि ढोलक, मजीरे, हार्मोनियम ही साथ भोवताली उभी राहते. अलीकडे काही मंडळ्यांनी व्हायोलिनही आपलेसे केले आहे. रागाची सिद्धता, गळ्याची फिरत, घराण्याचा शिक्का यांपैकी कशाचीही अट हे वाद्य घालीत नाही. ज्याला ताल कळतो आणि ज्याचा कान तारेशी जुळतो त्याला ते हाती धरता येते.

असे सोपे, अखंड आधारस्वर देणारे वाद्य आणि त्याभोवती जमणारी साधी माणसे हा योग जगात अन्यत्रही आढळतो. अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन डोंगराळ प्रदेशात मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे डल्सिमर नावाचे लांबट वाद्य आहे. त्याच्या बहुधा तीन तारांपैकी एकीवर चाल वाजते आणि उरलेल्या दोन आधारस्वर धरून राहतात. केंटकीतील व्हायपर या खेड्यात 1922 साली जन्मलेल्या जीन रिची यांनी घरात ऐकलेली गाणी या वाद्यासह न्यूयॉर्कसारख्या शहरात नेली, त्यानंतर त्याची कीर्ती पसरली. आज तिकडच्या लहान गावांतून डल्सिमर वाजवणारे लोक वर्तुळ करून बसतात आणि नवशिके व जाणते एकाच चालीत वाजवतात. माळव्यातील मंडळीशी याचे साम्य डोळ्यांत भरते. परंतु माळव्यात चालीच्या पाठीमागे शब्द आहे, आणि तो शब्द ऐकणाऱ्याला स्वस्थ बसू देणारा नाही.

रात्री जेवणखाण आटोपल्यावर मंडळी जमते. प्रथम तारा जुळवल्या जातात, आणि या कामात कोणी घाई करीत नाही. खुंटी पिळून, तार छेडून, पुन्हा पिळून, पाचही तारा एकजीव झाल्याशिवाय पदाला हात घातला जात नाही. मग गाणारा एखादी साखी ठेक्याविना म्हणतो, तिच्या आशयाशी नाते सांगणारे पद निवडतो, आणि ढोलक सुरू होताच साथीदार टेक उचलतात. कबीराच्या नावे गायिल्या जाणाऱ्या या पदांत ग्रंथांत न सापडणारी पदेही पुष्कळ आहेत. ती तोंडातून कानात आणि हाताने लिहिलेल्या वह्यांतून वह्यांत उतरत आलेली आहेत, गोरखनाथ, मीरा व धर्मदास यांच्या नावांची पदेही त्यांच्या शेजारी बसलेली आहेत. पाठाची शुद्धाशुद्धता ठरवणाऱ्या पंडिताला हा प्रकार अडचणीचा वाटेल. माझ्या मते मात्र पाचशे वर्षे लोकांच्या जिभेवर राहिलेल्या वाणीचा हाच खरा मुक्काम आहे, आणि स्टॅनफर्ड येथील विदुषी लिंडा हेस यांनी अनेक वर्षे या मंडळ्यांत वावरून 2015 मध्ये ‘बॉडीज ऑफ साँग’ हा ग्रंथ सिद्ध केला तो याच मौखिक परंपरेच्या आदरातून.

या रात्रींच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा कालखंड देवास शहरातच घडला. विज्ञानशिक्षणाचे कार्य करणाऱ्या ‘एकलव्य’ या संस्थेने 1991 मध्ये कबीर भजन व विचार मंच सुरू केला आणि 1998 पर्यंत, दर महिन्याच्या 2 तारखेला, खेड्यापाड्यांतील मंडळ्या तिच्या देवास येथील कार्यालयात जमून रात्रभर गात राहिल्या. गाणे झाले की अर्थावर चर्चा होई, हे या मंचाचे वैशिष्ट्य. संस्थेच्या कार्यकर्त्यांना कबीरातला जातिभेदावर, कर्मकांडावर आणि धार्मिक दंभावर आघात करणारा समाजसुधारक प्रिय होता; गाणारे बहुतांशी दलित समाजातील शेतकरी-मजूर असल्याने तो आघात त्यांच्या जगण्यातलाच होता, परंतु त्यांना त्याच कबीरातील देहाचे गूढ, श्वास, अनाहत नाद आणि गुरुतत्त्व हेही तितकेच प्रिय होते, आणि एक घेऊन दुसरे सोडावे हे त्यांना मान्य नव्हते. सुशिक्षितांनी प्रश्न विचारावेत आणि ज्यांना आजवर कोणी मत विचारले नव्हते त्यांनी उत्तरे द्यावीत, कधी उलट प्रश्न करावेत, अशी ही बैठक होती. महाराष्ट्रात आपण प्रबोधनाचे गोडवे पुष्कळ गातो. परंतु गाणारा आणि विचार करणारा एकाच सतरंजीवर, एकाच रात्री, बरोबरीच्या नात्याने बसला आहे, असे दृश्य आपल्याकडे किती सभागृहांत दिसते?

देवासच्या मराठी घरांत या विषयाचा उल्लेख झाला की तत्काळ कुमार गंधर्वांचे नाव निघते, आणि ते अभिमानाने निघते. बेळगाव जिल्ह्यात सुळेभावी येथे 8 एप्रिल 1924 रोजी जन्मलेले कुमारजी क्षयाने पछाडल्यावर 1948 मध्ये हवापालटासाठी देवासला आले. गाणे वर्ज्य असलेल्या त्या वर्षांत अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर माळव्याची लोकगीते पडली, त्या धुनांतून पुढे त्यांचे नवे राग उगवले, आणि देवासमधील शीलनाथ महाराजांच्या धुनीच्या परिसरात जिवंत असलेल्या नाथपंथी गायनातून त्यांच्या निर्गुणी भजनांना तो निर्जन, उंच, धारदार स्वर सापडला. हे सारे आपण जाणतो. आपण जे पुरेसे लक्षात घेत नाही ते हे की, ज्या जमिनीतून त्या प्रतिभावंताने हे घेतले ती जमीन त्यांच्यानंतर ओसाड झालेली नाही. 12 जानेवारी 1992 रोजी कुमारजी देवासला निवर्तले तेव्हा त्याच शहरात, त्या मंचावर, ते गाणे ज्यांचे मूळचे, ते दर महिन्याला गातच होते. कुमारजींच्या तबकड्या जपणाऱ्या आमच्या रसिकांपैकी फारच थोडे अशा रात्री तेथे जाऊन बसले असतील, याची मला खंत वाटते.

त्या गायकांपैकी प्रह्लादसिंह टिपाणिया हे आज सर्वाधिक ख्यात आहेत. उज्जैन जिल्ह्यातील लुनियाखेडीचे हे शाळामास्तर तरुणपणी तंबुऱ्याच्या नादाने ओढले गेले, मग कबीराच्या शब्दाकडे वळले. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या गावातून 2010 मध्ये माळव्याच्या गावोगावी फिरणाऱ्या कबीर यात्रेला बळ मिळाले. शबनम विरमाणी यांच्या कबीरविषयक चित्रपटांतून त्यांचा आवाज देशोदेशी गेला. त्याच चित्रपटमालिकेत त्यांनी कबीरपंथाचे महंतपद स्वीकारल्यानंतर उठलेला वादही प्रामाणिकपणे आलेला आहे; कर्मकांडावर प्रहार करणाऱ्या संताच्या नावाने पूजाविधी चालवावा काय, हा प्रश्न मंडळ्यांनी आपसांत लपवून ठेवला नाही. पुढे देवास जिल्ह्यातील कालूराम बामनिया यांना 2024 मध्ये आणि महू परिसरातील भेरूसिंह चौहान यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सरकारदरबारी या गाण्याची नोंद उशिरा का होईना पडली. मंडळ्यांत पुरुषांचेच प्राबल्य आहे, ही उणीव मात्र अजून भरून यायची आहे.

इंदूर, देवास, धार येथील मराठी मंडळांच्या वार्षिक कार्यक्रमांत नाट्यसंगीत असते, भावगीते असतात, अभंगवाणी तर असतेच. यंदाच्या गणेशोत्सवात किंवा कुमारजींच्या जयंतीला एखादी तजवीज अशी व्हावी की जवळच्या खेड्यातील एक मंडळी योग्य बिदागी देऊन बोलवावी, तिला तासाभराच्या चौकटीत न कोंबता रात्रभर गाऊ द्यावे, आणि दोन पदांच्या मधे गाणाऱ्यालाच अर्थ सांगायला लावून श्रोत्यांनी त्याला निःसंकोच प्रश्न विचारावेत.