आधी काच पुसा, मग औषध विचारा

फोटो टाकणाऱ्याला पहिलं उत्तर औषधाचं येत नाही. ‘दादा, करपा कांद्याला नाय, तुमच्या मोबाइलला झालाय. आधी काच पुसा,’ असं कोणीतरी लिहितं, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते आणि थोड्या वेळात पातीचा जवळून घेतलेला स्वच्छ फोटो येतो. कांदा उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिवाळ्यात, धुई पडायला लागली की, असे संवाद सारखे दिसतात. विचारणारा केंदूरचा असेल तर उत्तर देणारा निफाडचा किंवा पारनेरचा. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. त्या थट्टेने निदानाची पहिली पायरी मात्र पार पडलेली असते. धूसर फोटोत जांभळा करपा कोणता आणि फुलकिड्यांनी खरवडलेली पात कोणती, हे ओळखता येत नाही. एकाला बुरशीनाशक लागतं, दुसऱ्याला कीटकनाशक, आणि निवड चुकली की फवारणीचा खर्च मातीत जातो. अशा ग्रुपवरच्या गप्पा बंद करून तिथे फक्त कामाचं बोलावं, असा आग्रह अनेक जाणती माणसं धरतात. माझ्या मते गप्पा काढून टाकल्या तर सल्लाही टिकणार नाही.

शिरूर तालुक्याच्या पश्चिम अंगाचं, वेळ नदीकाठचं केंदूर पाहिलं तर हे नीट कळतं. पाऊस तुटपुंजा, उन्हाळी कांदा विहिरीत किती पाणी उरलंय त्या हिशेबाने लावायचा, त्यामुळे चुकीला जागा कमी. तज्ज्ञांची मात्र वाण नाही. शेजारच्या खेड तालुक्यात राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. पाबळला 1983पासून विज्ञान आश्रम आहे. 2004पासून चालू असलेल्या किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा नंबर फुकट लागतो. तरीही शेतकरी अनोळखी माणसांना विचारतो, कारण तज्ज्ञाकडे जाताना प्रश्न तयार करून न्यावा लागतो आणि अडचण नेमकी तीच असते. ग्रुपवर ‘शेंडे पिवळे पडलेत, काय मारू?’ एवढं पुरतं. पुढचं लोकच उकरून काढतात. लागण कधीची, पाणी किती दिवसांनी, युरिया किती टाकला, मागच्या पंपाला काय होतं. कान्हूराज महाराजांच्या या वारकरी गावात अनोळखी माणसालाही ‘माऊली’ म्हणायची रीत आहे, आणि ग्रुपवरही तीच चालते. ‘माऊली, पाणी जास्त झालंय तुमचं’ हे ऐकून घेणं सोपं जातं. हेच वाक्य अधिकारी बोलला असता तर बहुतेकांनी मान डोलावली असती आणि पाणी तितकंच दिलं असतं.

या ग्रुपांवर एक ठरावीक माणूस असतो, आणि माझं लक्ष सारखं त्याच्याकडे जातं. तो औषधाचं नाव कधी सांगत नाही. त्याचा एकच प्रश्न असतो: ‘मोजलेत का? झाडाला तीस भरले का?’ फुलकिड्यांची आर्थिक नुकसानीची पातळी झाडामागे 30 धरतात, म्हणजे त्याखाली संख्या असेल तर फवारणीचा पैसा वसूल होत नाही. हा आकडा संशोधकांच्या पुस्तिकांत छापलेला आहे, पण पुस्तिका वाफ्यात उतरत नाही. कीड पातीच्या आतल्या बेचक्यात दडते. पात फाकवून, वाकून, झाडामागून झाड मोजायचं काम कंटाळवाणं आहे, आणि ते करायला लावतो तो हाच चिवट माणूस. लोक त्याची टिंगल करतात, ‘आले तीसवाले’ म्हणतात. पण टिंगल करता करता तो 30चा आकडा शंभर जणांच्या तोंडात बसतो. कुठल्याही विस्तार कार्यक्रमाला हेवा वाटावा असं हे काम आहे.

चुकीच्या सल्ल्याला जबाबदार कोण, हा आक्षेप गंभीर आहे. 2017मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर ‘दोन-तीन औषधं एकत्र करून मारा’ असं सहज लिहून टाकणं अक्षम्य आहे. असा सल्ला ॲडमिनने काढून टाकावा, त्यात भिडस्तपणा नको. परंतु तो सल्ला दुकानाच्या काउंटरवर दिला जातो तेव्हा ऐकणारे दोघेच असतात, आणि त्यांतल्या एकाचा नफा बाटलीत असतो. ग्रुपवर तीच गोष्ट सगळ्यांदेखत बोलली जाते, आणि कोणीतरी लेबल वाचून हटकतो. कंपन्यांची माणसं शेतकऱ्याचा वेष घेऊन शिरतात हेही खरं. तिथेही गप्पाच कामाला येतात. वर्षभर बैल, लग्नं, पाऊस आणि बाजारभाव यांवर बोललेला माणूस कसा आहे हे कळलेलं असतं. फक्त उत्पादनाचं नाव घेऊन उगवणारा लगेच उघडा पडतो. आणि वेगाचं म्हणाल, तर 2018च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्ग्याला आढळलेली अमेरिकन लष्करी अळी सप्टेंबरपर्यंत सोलापूर जिल्ह्यात आली होती. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, ही तिची ओळख मक्याच्या शेतापर्यंत पोचायला फोटोइतकं वेगवान साधन दुसरं नव्हतं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. सल्ला मिळाला की विचारणारा गप्प होतो. फवारणीचा गुण आला की नाही, हे क्वचितच कळतं, म्हणून तोच प्रश्न पुढच्या हंगामात पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि चुकलेला सल्ला चुकला म्हणून नोंदला जात नाही. तीस मोजायला लावणाऱ्या माणसाने आणखी एक सवय लावावी: आठव्या दिवशी त्याच वाफ्याचा, त्याच जागेवरून घेतलेला फोटो मागायचा. तो फोटो न देणाऱ्याचीही खुशाल थट्टा करावी.