दोन आकड्यांची परीक्षा

भंडाऱ्यात माझ्या घरी संध्याकाळी सात-आठ मुले शिकायला येतात. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी हातात असते, नोकरी नसते. कुणाला जलसंपदा किंवा सार्वजनिक बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता व्हायचे असते, कुणाला भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक. दोन विषयांना ही मुले हमखास कंटाळतात. एक सर्वेक्षण, दुसरा भूकंपरोधक रचना. पहिल्यात आकडेमोड किचकट आणि गुण थोडे. दुसऱ्याबद्दल त्यांचे ठरलेले वाक्य असते, "आपल्याकडे कुठे भूकंप होतो, सर?"

या दोन विषयांकडे मी स्वतःही नव्याने पाहू लागलो ते एका फोनमुळे. माझा एक जुना विद्यार्थी कॅलिफोर्नियात नोकरी करतो. पंधरा वर्षांचा अनुभव आहे, पण नकाशावर स्वतःची सही करायची तर त्याला परवाना हवा होता. अमेरिकेत त्यासाठीची परीक्षा असतेच. कॅलिफोर्निया राज्य मात्र स्थापत्य अभियंत्याकडून आणखी दोन वेगळ्या परीक्षा घेते, सर्वेक्षणाची आणि भूकंपतत्त्वांची. प्रत्येकी 55 प्रश्न, अडीच तास. "सर, तुमची लेव्हलिंगची जुनी वही सापडेल का?" असे त्याने विचारले तेव्हा मला आधी हसू आले. मग माळ्यावरून वही काढली आणि पानापानाचे फोटो पाठवले.

तिथला परवाना हौसेने आलेला नाही. 12 मार्च 1928 च्या मध्यरात्रीच्या सुमारास लॉस एंजेलिसजवळचे सेंट फ्रान्सिस धरण फुटले आणि चारशेहून अधिक माणसे वाहून गेली. पुढच्याच वर्षी त्या राज्यात स्थापत्य अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. मार्च 1933 मध्ये लाँग बीचचा भूकंप झाला. शाळांच्या इमारती कोसळल्या. सुदैवाने वेळ संध्याकाळची होती, वर्ग रिकामे होते. महिनाभरात शाळांच्या बांधकामावर कडक देखरेख ठेवणारा कायदा आला. आपल्याकडे वास्तुविशारदांसाठी 1972 चा केंद्रीय कायदा आहे, डॉक्टर-वकिलांना परिषदा आहेत. अभियंत्यांसाठी देशभर लागू असा परवान्याचा कायदा नाही. पदवी, ठरावीक वर्षांचा अनुभव आणि नगरपालिकेतली नोंदणी यांवर काम चालते. म्हणून आमची मुले परीक्षा देतात ती नोकरीसाठी, सहीसाठी नव्हे. आणि अभ्यासही तसाच होतो.

आता वैनगंगेकडे येतो. पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण आहे. 1988 साली त्याची पायाभरणी झाली. त्याची पूर्ण जलसंचय पातळी 245.5 मीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची. ही पातळी जमिनीवर कुठेही आखलेली नसते, ती शोधावी लागते. ज्ञात उंचीच्या खुणेपासून, म्हणजे बेंचमार्कपासून, सुरुवात करायची. मध्ये यंत्र लावायचे, मागच्या पट्टीवरचे वाचन घ्यायचे, मग पुढच्या पट्टीवरचे. वजाबाकी केली की चढ-उतार कळतो. असे टप्प्याटप्प्याने गावाच्या वेशीपर्यंत जायचे. नागपूरचा 1907 चा झिरो माइलचा खांब आपण शहराची शोभा म्हणून पाहतो, पण तो अशीच उंचीची खूण आहे. त्याच्यावर कोरलेली उंची सुमारे 1,020 फूट. मीटरमध्ये केली तर गोसीखुर्दचे भरलेले पाणी त्या खांबाच्या साधारण 65 मीटर खाली येते. (हिंदुस्थानची मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्टन 1823 साली नागपूरच्या वाटेवर असताना हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.)

परीक्षेत हमखास येणारा एक प्रश्न आहे: नदीपल्याड उंची कशी न्यायची? वैनगंगेचे पात्र रुंद, यंत्र मध्ये ठेवता येत नाही. पृथ्वी गोल असल्याने आणि हवेत किरण किंचित वाकत असल्याने एक किलोमीटरवरच्या वाचनात सुमारे 6.7 सेंटिमीटरची चूक शिरते. उपाय असा की, आधी या काठावर यंत्र लावून दोन्ही काठांच्या पट्ट्या वाचायच्या, मग त्या काठावर नेऊन पुन्हा वाचायच्या, आणि दोन्ही फरकांची सरासरी घ्यायची. चूक एकदा अधिक बाजूला पडते, एकदा उणे बाजूला. सरासरीत ती निघून जाते. मुले सूत्र पाठ करतात. मी त्यांना विचारतो, सहा-सात सेंटिमीटरने काय बिघडते? धानाच्या सपाट शिवारात, जिथे जमीन हजारात एक इतकीच उतरते, तिथे 10 सेंटिमीटरची चूक म्हणजे पाण्याची रेषा 100 मीटर पुढे किंवा मागे. शंभर मीटरांत किती धुरे ओलांडले जातात ते भंडाऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे घर त्या रेषेच्या आत होते. घर संपादित झाले, मोबदला मिळाला. शेजारच्या काकांचे घर हातभर उंचावर, रेषेबाहेर. दोन्ही घरांचे अंगण एकच होते. रेषा चुकीची होती असे नव्हे. कुठेतरी ती पडणारच होती. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगा चढली, भंडारा शहरात पाणी शिरले, तेव्हा ही मुलगी मोबाइलवर कारध्याच्या पुलाची पातळी तासातासाला वाचत होती. तोवर तिला "आरएल" म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज उरली नव्हती.

दुसरा आकडा नकाशातला. भारतीय मानक 1893 हे भूकंपाचे मानक पहिल्यांदा 1962 साली निघाले. त्यात देशाचे पट्टे पाडलेले आहेत. कोयनेचा परिसर सौम्य गणला गेला होता. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे तो हादरला आणि 1970 च्या आवृत्तीत नकाशा बदलला. किल्लारी तर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होती. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास, विसर्जन करून लोक झोपले असताना, दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. 2002 मध्ये पहिले क्षेत्रच रद्द झाले. भूकंप आधी, रंग नंतर, असा हा क्रम आहे.

भंडारा आज दुसऱ्या क्षेत्रात येतो. हिशेब कठीण नाही. क्षेत्राचा गुणांक 0.10, त्याचा अर्धा घ्यायचा. बुटक्या, ताठ इमारतीसाठी 2.5 ने गुणायचे, साध्या चौकटीसाठी 3 ने भागायचे. उत्तर सुमारे 4.2 टक्के. म्हणजे हजार टनांच्या इमारतीला 42 टनांचा आडवा धक्का गृहीत धरायचा. तीच इमारत रुग्णालयाची असेल तर दीडपट, कारण भूकंपानंतर ती चालू राहिली पाहिजे. इथवर मुले आनंदाने येतात. गोम पुढे आहे. सळयांच्या बांधणीचे विशेष नियम सांगणारे मानक 13920 तिसऱ्या क्षेत्रापासून वर सक्तीचे आहे. कॉलमच्या उभ्या सळयांना जी रिंग घालतात, तिची टोके 90 अंशांत न वाकवता 135 अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवायची, हा त्यातला कळीचा नियम. हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट झडले की 90 अंशांची रिंग उघडते. दुसऱ्या क्षेत्रात मात्र ती सक्ती नाही.

मला जबलपूर आठवते. 22 मे 1997 ची पहाट, उकाड्यामुळे अंगणात बाज टाकून झोपलो होतो, बाज हलली. जबलपूर इथून सरळ उत्तरेला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. 2001 मध्ये भूजचा केंद्रबिंदू दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असताना अहमदाबादेतल्या इमारती कोसळल्या, त्यांत खाली नुसते खांब आणि पार्किंग असलेल्या पुष्कळ. भंडाऱ्यात आता तशाच इमारती उठत आहेत.

त्या मुलीच्या वडिलांनी मोबदल्याच्या पैशांतून शहराच्या कडेला घर बांधायला घेतले आहे. खाली गाडी ठेवायला मोकळी जागा, वर दोन मजले. तिने मिस्त्रींना रिंगेचे हुक आत वळवायला सांगितले. मिस्त्री म्हणाले, "ताई, असं इकडं कोणी करत नाही. कोणत्या नियमात आहे?" तिने प्रामाणिकपणे सांगितले की इथे सक्ती नाही. मग तासभर वाद. दिवसाची मजुरी वाढणार म्हणून वडीलही मिस्त्रींच्या बाजूने. शेवटी तिने मला फोन लावून दिला आणि मी वडिलांना 42 टनांचा हिशेब ऐकवला. आकड्याने त्यांचे समाधान झाले की माझ्या वयाने, कोण जाणे.

गेल्या रविवारी जाऊन पाहिले. खालच्या खांबांच्या रिंगा सगळ्या आत वळवलेल्या आहेत. वरच्या मजल्यासाठी कापून ठेवलेल्या मात्र जुन्या मापाच्याच होत्या. ती पट्टी घेऊन त्या मोजत बसली होती.