घरगुती मैफलीचे ध्वनिचित्रमुद्रण
घरी सादर केलेल्या गायन-वादनाचे ध्वनी व चित्र एकत्र टिपणे म्हणजे घरगुती मैफलीचे ध्वनिचित्रमुद्रण होय. मोबाइल फोनमुळे चित्र सहज चांगले येते. आवाज मात्र बहुधा निराशा करतो.

याचे मुख्य कारण अंतर हे आहे. सगळी बैठक चौकटीत मावावी म्हणून कॅमेरा दूर लागतो, तर मायक्रोफोन गायकाजवळ हवा. अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. भिंतींवरून परतणारा आवाज मात्र खोलीभर जवळपास सारखाच राहतो. परिणामी दूरच्या फोनमध्ये गाण्यापेक्षा खोलीच अधिक ऐकू येते. म्हणून ध्वनी जवळच्या, स्वतंत्र रेकॉर्डरवर घेऊन नंतर चित्राशी जुळवतात. आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवल्यास ही जुळणी सोपी होते.

आवाजाची पातळी आपोआप बदलणारी सोय शक्य असल्यास बंद ठेवावी. आलापातील विरामात ती पातळी चढवते आणि पंख्याची घरघर तंबोऱ्याच्या बरोबरीला येते. तबल्यावर थाप पडताच सारे दबते. ख्यालातील चढउतारांचा हा घातच म्हणावा लागेल. त्याऐवजी सर्वांत जोरकस तान आधी गाऊन घेऊन तिची कमाल पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवतात. शून्याला थडकलेला आवाज फाटतो व नंतर पुरता सुधारत नाही.

उघड्या फरशीच्या खोलीत सतरंज्या, गाद्या व जाड पडदे यांनी घुमारा कमी होतो. पेटीला वेगळा मायक्रोफोन सहसा लागत नाही. गायकाच्या मायक्रोफोनमध्ये ती आपसूक शिरतेच.