यती का सापडत नाही आणि आष्टीचा बिबट्या का सापडला

मागच्या दिवाळीत गावी गेले होते तेव्हा मामेभावानं मोबाईल पुढे केला. "ताई, हे बघ. कॅनॉलच्या कडेचा माग आहे. माणसाचा नाही, बिबट्याचा नाही. एवढं मोठं वानर असतंय का?"

फोटोत चिखल, चिखलात एक लांबट खड्डा, पुढे बोटांसारखं काहीतरी. शेजारी मोजायला काहीच नाही, त्यामुळे तो खड्डा वीतभर आहे की हातभर, हे देवालाच माहीत. आमचं गाव बालाघाटाच्या कडेला आहे. डोंगर उघडेबोडके, मध्ये थोडी झुडपं, खाली कापूस आणि ऊस. या असल्या रानात "माणसासारखं उभं राहणारं काळं काहीतरी" फिरतंय, अशी कुजबुज महिनाभर चालू होती. गावातली पाचसहा पोरं तीन रात्री बॅटऱ्या घेऊन डोंगरावर जाऊन आली होती. काही सापडलं नाही.

मी हसले, आणि तिथंच चुकले. कारण त्यानं लगेच विचारलं, "तुम्ही तरी जंगलात कॅमेरे लावता. तुम्हाला सगळं दिसतंय का? मग नाहीच म्हणून कशावरून सांगतीस?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. माझ्या पीएचडीचा निम्मा भाग याच प्रश्नावर आहे, फक्त तिथे त्याला जड नावं आहेत. म्हणून ही पोस्ट.

आधी एक सांगते. आमच्या गावची पोरं काही जगावेगळी नाहीत. अमेरिकेत बिगफूट, ऑस्ट्रेलियात यावी, आपल्याकडे मेघालयातल्या गारो टेकड्यांमध्ये मांदे बुरुंग. सगळीकडे हौशी मंडळी सुट्टी काढून, स्वतःचे पैसे घालून रानात जातात. मांदे बुरुंगचे म्हणून जपलेले केस २००८ मध्ये तपासणीसाठी परदेशी गेले. निघाले कुणाचे? गोरलचे, म्हणजे हिमालयाच्या बाजूला आढळणाऱ्या, शेळीसारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याचे.

या सगळ्यांत सर्वांत जास्त शोधला गेला तो यती. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण शोध कसा घ्यावा आणि कसा घेऊ नये, दोन्ही तिच्यात आहे.

१९२१ मध्ये एव्हरेस्टची पाहणी करायला गेलेल्या ब्रिटिश तुकडीला बर्फात मोठे ठसे दिसले. तुकडीचे प्रमुख हॉवर्ड-बरी यांचा अंदाज साधा होता: लांडगा असावा, बर्फ वितळून ठसे पसरले असावेत. हमालांनी मात्र एक स्थानिक नाव सांगितलं. ते कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'मध्ये लिहिणाऱ्या हेन्री न्यूमनपर्यंत पोचलं आणि त्यानं चुकीचं भाषांतर करून 'किळसवाणा हिममानव' असं खमंग नाव छापलं. माझं मत विचाराल तर यतीचा खरा जन्म हिमालयात नाही, त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला. लांडग्याला शोधायला लंडनहून कोण जाणार होतं?

मग १९५१ मध्ये एरिक शिप्टननं मेनलुंग हिमनदीवर एका ठशाचा फोटो काढला. शेजारी बर्फाची कुऱ्हाड ठेवून, म्हणजे मापासकट. (मामेभावा, वाचतोयस ना?) फोटो जगभर गाजला. १९५४ मध्ये लंडनच्या 'डेली मेल'नं मोठी मोहीम काढली, तिच्यात आपल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे बिस्वमय बिस्वास होते. त्यानंतर टेक्सासचा तेलसम्राट टॉम स्लिक १९५७ पासून दोनतीन वर्षं पैसे ओतत राहिला. नेपाळ सरकारनं तर यती शोधायच्या परवान्याला ५००० रुपये फी ठेवली होती.

१९६०-६१ मध्ये एडमंड हिलरी गेला. खुमजुंग गावच्या गोम्पात 'यतीची कवटीची कातडी' पिढ्यान् पिढ्या जपलेली होती. हिलरीच्या लोकांनी ती गावच्या एका ज्येष्ठासह शिकागो, पॅरिस, लंडन अशी फिरवून तज्ज्ञांना दाखवली. ती सेरो नावाच्या डोंगरी प्राण्याच्या कातड्याला साच्यात घालून आकार दिलेली निघाली. हिलरीनं नंतर खुमजुंगला शाळा बांधली. यतीच्या सगळ्या मोहिमांतून निघालेली सर्वांत टिकाऊ वस्तू बहुतेक ती शाळाच.

शेवटची मोठी तपासणी २०१७ ची. शार्लट लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी यतीचे म्हणून ठेवलेले नऊ नमुने घेतले: हाड, दात, कातडी, केस, विष्ठा. डीएनए तपासला. आठ अस्वलांचे, एक कुत्र्याचा. आणि बरं का, तो अभ्यास वाया गेला नाही. हिमालयातल्या तपकिरी अस्वलांचं कूळ किती जुनं आणि वेगळं आहे, हे त्यातूनच जास्त स्पष्ट झालं. तरीही एप्रिल २०१९ मध्ये आपल्या लष्करानं मकालूच्या तळाजवळ ३२ बाय १५ इंचांचे ठसे दिसल्याचं ट्विट केलंच! अस्वल चालताना त्याचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर अर्धवट पडतो. दोन ठसे मिळून एक लांबलचक, माणसासारखा ठसा तयार होतो. वर ऊन लागलं की तो आणखी पसरतो.

आता मामेभावाच्या प्रश्नाकडे येऊ. सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं कधी म्हणता येतं?

समजा, डोंगरावर एक प्राणी आहेच. तुम्ही कॅमेरा लावलाय आणि एका रात्रीत तो कॅमेऱ्यात येण्याची शक्यता शंभरात २ आहे. म्हणजे एका रात्री तो हुकण्याची शक्यता ९८ टक्के. सलग तीन रात्री हुकण्याची शक्यता? ०.९८ ला तीनदा गुणा, सुमारे ९४ टक्के. म्हणजे आमच्या पोरांच्या तीन रात्रींवरून 'नाही' असं म्हणताच येत नाही. इथे मामेभाऊ जिंकला. पण १०० रात्री घ्या, ती शक्यता १३ टक्क्यांवर येते. ३०० रात्री घ्या, ०.२ टक्के. प्राणी असूनही ३०० रात्री चुकला, असं हजारात दोनदाच होईल. 'शोधलं, सापडलं नाही' हे वाक्य एकटं काही सांगत नाही. किती रात्री, कुठे, कशानं, हे जोडलं की मगच त्याला वजन येतं. म्हणूनच आम्ही रिकाम्या रात्रीसुद्धा वहीत लिहितो, आणि गाइडला त्याच आधी दाखवाव्या लागतात.

यातला 'कुठे' किती महत्त्वाचा आहे, त्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा एकही नमुना नव्हता. सलीम अलींसारख्यांनीही शोध घेतला, मिळालं नाही. संपलं असंच बहुतेकांनी धरलं. मध्ये फक्त एक नोंद होती: रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९१४ मध्ये गुजरातेत मिळवलेला नमुना. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातल्या नमुन्यांची बारकाईनं तपासणी केली आणि कळलं की तो चोरीचा आहे. १८८४ चाच नमुना संग्रहालयातून उचलून, पुन्हा शिवून, खोटी चिठ्ठी लावलेली होती. खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर त्या निघाल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारात.

"बघ, मग यतीही तसाच सापडेल!" असं कुणी म्हणेल. पण फरक बघा. रानपिंगळ्याचे नमुने आधीच संग्रहालयात होते. प्रश्न 'आहे का' हा नव्हता, 'उरलाय का' हा होता. शिवाय तो एक छोटासा पक्षी. माणसाएवढ्या प्राण्याला लपून राहणं किती अवघड आहे, हे आपल्या बीड जिल्ह्यानंच पाहिलंय.

नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली. ते दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली, मागे म्हातारी आणि लेकरं. शेतीची लाइट रात्रीची, म्हणजे पिकाला पाणी द्यायला रात्री बारा-दोनला जाणं भाग. बिबट्या म्हणजे लपण्यात पटाईत प्राणी, आणि लपायला मैलोन् मैल ऊस. तरीही माग मिळाले, तो लोकांना दिसला, आणि डिसेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात त्याला गोळी घातली गेली. महिनाभरात देह हाती आला. आणि यती? शंभर वर्षांत एक दातसुद्धा नाही. एकटा प्राणी शंभर वर्षं जगत नाही, त्याला कळप लागतो, पिल्लं लागतात. कळप असेल तर त्यातला कुणीतरी मरतो, कुणीतरी विहिरीत पडतो, कुणीतरी ट्रकखाली येतो. आपल्याकडे बिबटे विहिरीत पडतातच की.

मग लोकांना दिसतं ते काय असतं? सगळे खोटं बोलतात असं मी मानत नाही. २००९ मध्ये काही संशोधकांनी एक गमतीदार काम केलं. हौशी लोकांनी जमवलेल्या बिगफूट दिसल्याच्या नोंदी घेतल्या, आणि हा प्राणी खरा असता तर त्याला कुठलं हवामान मानवलं असतं, याचा नकाशा काढला. नकाशा जवळजवळ हुबेहूब अमेरिकन काळ्या अस्वलाचा आला. लोकांनी काहीतरी पाहिलं होतं, फक्त नाव दुसरं दिलं होतं.

नाव आधी आणि प्राणी नंतर, असं झालं की काय होतं, ते माजलगाव तालुक्यातल्या लवूळनं भोगलंय. डिसेंबर २०२१ मध्ये जगभर बातमी फिरली की वानरांनी सूड म्हणून २५० कुत्री मारली. त्या आकड्याचा जरा हिशोब करू. महिन्यात २५० म्हणजे रोज आठ. एका कुत्रीला पाच पिल्लं धरली तरी एका गावात एकाच महिन्यात पन्नास कुत्र्या व्यालेल्या हव्यात. बातमी पुढे ढकलताना एवढा साधा भागाकार कुणी केला नाही. गावात जाऊन विचारणाऱ्या पत्रकारांना आकडा बराच खाली आलेला दिसला. वानरं पिल्लं उचलून झाडावर, धाब्यावर नेत होती हे गावकऱ्यांनी पाहिलेलं. तिथून ती पडत, किंवा अन्नपाण्यावाचून मरत. वानरांमध्ये दुसऱ्याचं पिल्लू उचलून कुरवाळणं नवीन नाही, त्यामुळे 'सूड' हा शब्द मला तरी आपणच जोडलेला वाटतो. नागपूरहून आलेल्या पथकानं दोन वानरं पकडून नेली. जगाला हसायला मीम मिळाले, गावाला मिळाली ती भीती.

तर आमच्या पोरांना मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, वानर रात्री झाडावर झोपतं, डोंगर चढत फिरत नाही, त्यामुळे रात्री काही चालत असेल तर ते दुसरंच आहे. संध्याकाळी माथ्यावर दोन पायांवर उभं राहिलेलं वानर मात्र खालून माणसाएवढं वाटू शकतं, त्यामागे नुसतं आभाळ असतं म्हणून. दुसरी, पुन्हा जाल तेव्हा ठशाशेजारी काडेपेटी ठेवा, फोटो वरून सरळ काढा, आणि एकच ठसा नको, ओळीनं चारपाच काढा. केस मिळाले तर कागदाच्या पाकिटात, प्लॅस्टिकमध्ये नाही, ओल धरते. आणि काही मिळालं नाही तरी तारीख लिहा.

पंधरा दिवसांनी फोटो आले. काडेपेटीसकट. चार बोटं, पुढे नखांच्या खुणा, पुढचा पाय मागच्यापेक्षा मोठा. जिथे मागचा पाय पुढच्यावर पडला होता तिथे तोच लांबट खड्डा.

"तरस आहे," मी कळवलं.

त्याचा लगेच फोन आला. गंमत म्हणजे वानरमाणसाचं त्यानं नावही काढलं नाही. "तरस माणसाला काही करतंय का? या आठवड्यात आपली पाण्याची पाळी रात्री बाराची आहे."

मी म्हटलं, सहसा नाही, ते मेलेलं खाणारं जनावर आहे, माणूस दिसला की बाजूला होतं. तरी बॅटरी ने, दोघं जा, आणि पोरांना सांग, त्याच्या मागे काठ्या घेऊन धावू नका.