सायबर सुरक्षेचे मनुष्यबळ : समज काय, स्थिती काय

ऑनलाइन फसवणुकीचे मोठे प्रकरण उघड झाले की ‘आपल्याकडे धोरणच नाही’ ही तक्रार ठरलेली. ती खरी नाही. राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण २ जुलै २०१३ रोजी जाहीर झाले आणि ५ वर्षांत ५ लाख कुशल माणसे घडवण्याचे उद्दिष्ट त्यात लिहिलेले आहे. त्याच्याही आधी, २००५ पासून, माहिती सुरक्षेच्या शिक्षणासाठी केंद्राचा आयएसईए हा प्रकल्प सुरू आहे. धोरण आले तेव्हा यूपीआय मात्र नव्हते. ते २०१६ चे. म्हणजे उद्दिष्ट ठरले तेव्हा भाजीच्या गाडीवर क्यूआर कोड लागायचा होता.

‘हॅकिंग आले की नोकरी पक्की’ हा कॉलेजातल्या मुलांचा आवडता समज, आणि धोकादायकही. मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ चे उल्लंघन आहे. तेच लबाडीने केले, तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. यंत्रणेतला दोष शोधणाऱ्यांनी तो रीतसर कळवावा, यासाठी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेची सोय आहे.

मुळात या क्षेत्रातले बरेचसे काम हल्ल्याचे नसून पहाऱ्याचे आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण आठवा. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. बनावट कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत होते. पैसे द्यायचे की नाही, ही विचारणा बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हती. हल्लेखोरांनी उभा केलेला बनावट स्विच परस्पर मंजुरी देत होता. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्गे आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींचा फटका. अशा वेळी उपयोगी पडतो तो सुट्टीतही नोंदींवर नजर ठेवणारा आणि संशय येताच व्यवहार थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस. देशात तुटवडा आहे तो अशा माणसांचा.

आणि ती माणसे फक्त संगणक अभियंतेच असायला हवीत असेही नाही. लेखापरीक्षण, कायदा, न्यायवैद्यक तपास, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण ही सगळी कामे यात येतात. यूजीसीने २०२२ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर स्तरासाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम दिला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्रीय संगणन संस्थेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे, राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा एक परिसर गोव्यात आहे.

सर्वांत घातक समज सरकारी आकडे वाचताना होतो : प्रशिक्षण दिले म्हणजे मनुष्यबळ तयार झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये आयएसईएखाली २.६५ लाख लोकांना प्रशिक्षण देण्याचे जाहीर झाले. आकडा मोठा आहे, कामही गरजेचे आहे. पण शिकलेल्यांपैकी किती जण त्याच कामावर रुजू झाले, ही गणती वेगळी, आणि धोरणाचे यश तीच ठरवते. या कसोटीवर सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेली ‘सायबर कमांडो’ योजना मला जास्त पटते. ५ वर्षांत ५,००० कमांडो तयार करायचे आहेत आणि ते राज्यांच्या व केंद्राच्या पोलीस दलांतूनच निवडले जातात. शिकणाऱ्याची जागा इथे आधीपासूनच पक्की आहे.

‘हे सगळे दिल्लीचे काम, आपला काय संबंध?’ संबंध थेट आहे. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवणे कंपन्या आणि सरकारी कार्यालयांना बंधनकारक आहे. त्यासाठी हल्ला ओळखणारे कोणीतरी जागेवर हवे. तुम्ही एखाद्या सहकारी बँकेचे सभासद असाल, तर पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाबरोबर एवढे जरूर विचारा : हे काम आपल्याकडे कोण पाहते, सुट्टीच्या दिवशी कोण असते आणि त्यांच्या प्रशिक्षणावर यंदा किती खर्च केला?